गोळी आणि बैठक

जालना जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आठवडी बाजाराच्या दिवशी, केसपेपर काढून ताटकळत बसलेल्या मंडळींत मनाच्या आजाराची फिर्याद घेऊन आलेला मनुष्य शोधू गेल्यास तो बहुधा सापडणार नाही. सापडतील ती डोके जड झालेली, छातीत धडधड होणारी, अंग गळालेली, अन्नावरची वासना उडालेली आणि मध्यरात्री जाग आली की उजाडेपर्यंत आढ्याकडे पाहत पडून राहणारी माणसे. त्यांचा रक्तदाब पाहिला जातो, शक्तीच्या गोळ्या दिल्या जातात, कोणी हट्टच धरला तर सलाईनही लागते, आणि पंधरवडा उलटला की तीच माणसे तीच कैफियत घेऊन पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतात. वैद्यकीय अधिकाऱ्याने गर्दीतून सवड काढून कामात जीव लागतो का एवढे जरी विचारले, तरी "काहीच करू वाटना, साहेब" असे उत्तर पुष्कळदा येते, आणि निदानाला लागणारे अर्धे साहित्य त्या एका वाक्यात हाती पडते.

पीक हातचे गेल्यावर किंवा घरातले माणूस दगावल्यावर होणारा शोक हा मनुष्यधर्म आहे, आणि काळ, आप्त व काम ही त्याची जुनी औषधे आहेत. उदासी किंवा अनास्था निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच काळ मुक्काम करून राहते, आणि तिच्या जोडीला झोप, भूक, अंगातील त्राण, चित्ताची एकाग्रता व स्वतःविषयीचा आदर यांतील अनेक गोष्टी ढासळून नित्याचा संसार अडू लागतो, तेव्हा मात्र वैद्यकशास्त्र तिला नैराश्याचा विकार म्हणते. ती मोजण्यासाठी पीएचक्यू-नऊ नावाची नऊ प्रश्नांची सोपी प्रश्नावली जगभर वापरात आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्यापासून तीनपर्यंत गुण, म्हणजे एकूण २७. १० च्या पुढे गेल्यास दखल घ्यावी, १५ च्या पुढे उपचारास विलंब करू नये, आणि २० च्या पुढे आजार तीव्र समजावा, असा साधारण दंडक आहे. नवव्या प्रश्नात जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार येतात का हे विचारलेले असते, आणि त्याचे उत्तर होकारार्थी असेल तर एकूण बेरीज काहीही असो, त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांपुढे नेले पाहिजे.

या विकारावर दोन प्रकारची औषधयोजना आज प्रचलित आहे : एक पोटात घेण्याची, दुसरी तोंडाने बोलण्याची. पहिलीचे कैवारी दुसरीला वेळेचा अपव्यय समजतात, दुसरीचे कैवारी पहिलीला बुद्धी बधिर करणारी गुंगी समजतात, आणि या वादात रुग्णाच्या पदरी पुष्कळदा दोहोंपैकी एकही नीटपणे पडत नाही. या दोन उपचारांची कामे मुळातच निराळी आहेत, ती निराळ्या वेळी फळाला येतात, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात तर एकाच्या आधाराशिवाय दुसरा तडीस जाणे कठीण आहे, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे.

एका रोगाने दिलेली दोन साधने

नैराश्याची गोळी आणि गटात बसून बोलण्याचा उपचार या दोहोंचे उगम क्षयरोगाच्या इतिहासात सापडावेत, हा वैद्यकाच्या बखरीतील मोठा चमत्कारिक योगायोग होय. बोस्टन शहरातील जोसेफ प्रॅट या डॉक्टराने १९०५ साली गरीब क्षयरुग्णांचा एक वर्ग सुरू केला. आरोग्यधामात जाण्याची ऐपत नसलेल्या या लोकांना मोकळी हवा, विश्रांती आणि आहार यांचे नियम एकत्र बसवून शिकवावेत, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. परंतु आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या या मंडळीत एकाचे वजन वाढल्याचे पाहून दुसऱ्याला उमेद येते, आणि नियम पाळण्याची शक्ती त्या संगतीतूनच उत्पन्न होते, असे त्याच्या लवकरच ध्यानात आले. समूहोपचाराच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक ग्रंथकार या वर्गापासून करतात.

गोळीची जन्मकथाही अशीच आडवाटेने जाते. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयावर आयप्रोनियाझिड हे नवे औषध देऊन पाहिले जात असता, वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले रुग्ण एकाएकी प्रफुल्लित होऊ लागले, जेवू लागले, वऱ्हांड्यात फेऱ्या मारू लागले; आणि १९५७ साली नेथन क्लाइन व त्याच्या सहकाऱ्यांनी तेच औषध उदासीनतेच्या रुग्णांना देऊन त्याचा गुण प्रसिद्ध केला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील रोलांट कून याने इमिप्रमिनचा अनुभव जाहीर केला; ते औषध वस्तुतः दुसऱ्याच मनोविकारावर अजमावले जात होते. आयप्रोनियाझिड पुढे यकृतावरील दुष्परिणामामुळे मागे पडले, तथापि त्याने उघडलेली वाट बंद झाली नाही.

या कथेत आपल्या मुंबईचाही एक धागा गुंतलेला आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला, आणि तिच्यातून निघालेले रेसर्पिन देशोदेशी वापरले जाऊ लागले. ते घेणाऱ्यांपैकी काहींचे मन विषण्ण होते असे आढळले, आणि ते औषध मेंदूतील सेरोटोनिन व नॉरअॅड्रिनॅलिन या संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिकामा करते असेही प्रयोगांत दिसले. नैराश्यात ही द्रव्ये अपुरी पडत असावीत, हा तर्क अशा पुराव्यांच्या जुळणीतून उभा राहिला. आज तो तर्क फारच ढोबळ मानला जातो, कारण गोळीने या द्रव्यांत काही तासांतच फरक पडतो, पण माणूस सावरायला दोन ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदूच्या पेशींत जे सावकाश फेरफार होतात त्यांचा उलगडा अद्याप पुरता झालेला नाही. १९८७ साली अमेरिकेत मान्यता पावलेले फ्लुओक्सेटिन आणि त्याच्या मागून आलेली सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही औषधे जुन्यांपेक्षा पुष्कळ निर्धोक आहेत. २०१८ साली ऑक्सफर्डच्या अँड्रिया चिप्रियानी यांच्या मंडळाने २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ती सर्वच लुटुपुटीच्या गोळीहून सरस ठरली. मात्र हा सरसपणा सरासरीने माफक होता, हेही त्याच तपासणीतून निष्पन्न झाले.

कामाची वाटणी

गोळी आणि संभाषण एकत्र दिल्यास काय घडते, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार अमेरिकेत जेराल्ड क्लर्मन व मायर्ना वाइसमन यांनी सुरू केला. आंतरवैयक्तिक उपचारपद्धती म्हणून जी आज प्रसिद्ध आहे, ती त्यांनी मुळात अॅमिट्रिप्टिलिन या औषधाच्या चाचणीसाठीच आखली होती. म्हणजे या उपचाराचा जन्मच औषधाच्या शेजारी झाला. त्यांच्या मंडळाने १९७९ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष अजूनही मननीय आहेत : गोळीचा प्रभाव मुख्यत्वे झोप, भूक आणि शरीराच्या तक्रारी यांवर पडला व तो लवकर दिसला, संभाषणाचा प्रभाव मनाची खिन्नता, मरणाचे विचार, कामातील रस यांवर पडला, आणि ज्यांना दोन्ही मिळाले त्यांना या दोन्ही लाभांची बेरीज मिळाली, एकाने दुसऱ्याच्या कामात विघ्न आणले नाही.

पुढील संशोधनाने या निष्कर्षाला बळकटीच आणली. २००० साली मार्टिन केलर यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दोन वर्षांहून जुन्या, चिवट नैराश्याचे ६८१ रुग्ण होते; केवळ औषध किंवा केवळ संभाषण मिळालेल्यांपैकी निम्म्याहून किंचित कमी लोकांना गुण आला, आणि दोन्ही मिळालेल्यांत ते प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवर गेले. २०२० साली नेदरलंड्समधील पिम काउपर्स यांनी शंभरावर चाचण्या व सुमारे बारा हजार रुग्ण यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हाही जोड-उपचार हा एकेकट्या उपचाराहून वरचढ ठरला. यांतील बहुतेक चाचण्यांत संभाषण एकास एक असे होते, गटातले नव्हते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. गटातील उपचार एकट्याच्या उपचाराहून फार उणा पडत नाही असा सामान्य अनुभव असला, तरी या दोहोंची सरळ तुलना करणारा पुरावा त्या मानाने तुटपुंजा आहे.

गट आणि गोळी यांची जोड गरीब वस्तीत, तज्ज्ञांच्या दुष्काळात, कितपत उपयोगी पडते याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने दिले. राजधानी सान्तियागो येथील अल्प उत्पन्नाच्या २४० स्त्रियांवर रिकार्डो आराया यांनी केलेली ही चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत सात साप्ताहिक बैठका व नंतर उजळणीच्या दोन बैठका असा गट-उपक्रम होता, तो डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविका चालवीत, आणि ज्यांचा आजार तीव्र असे त्यांना दवाखान्यातील साधा डॉक्टर गोळी सुरू करी. गोळी चुकली की सेविका विचारपूस करी. सहा महिन्यांनी या स्त्रियांपैकी ७० टक्के बऱ्या झाल्या होत्या, नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३० टक्के. आफ्रिकेतील युगांडाच्या खेड्यांत औषधे जवळजवळ मिळतच नव्हती. तेथे पॉल बोल्टन व सहकाऱ्यांनी स्त्रियांचे व पुरुषांचे स्वतंत्र गट करून सोळा आठवडे केवळ आंतरवैयक्तिक पद्धतीच्या बैठका घेतल्या, आणि नैराश्याच्या कसोटीत बसणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर आले, तर बैठका न मिळालेल्या गावांत ते ९४ वरून जेमतेम ५५ पर्यंत उतरले. याच पद्धतीची आठ बैठकांची सुटसुटीत आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली.

गोवे, अमरावती आणि जालना

परदेशचे दाखले आपल्या मातीत लागू पडतील का, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गोव्यात विक्रम पटेल व 'संगथ' संस्थेने 'मानस' या नावाने चालविलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ दवाखाने होते. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना आजाराची माहिती द्यावी व त्यांचे ऐकून घ्यावे, गरज असेल त्यांना दवाखान्यातील डॉक्टरने गोळी द्यावी आणि अवघड रुग्ण मनोविकारतज्ज्ञाने पाहावा, अशी ही चढती योजना होती. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे आढळले, एरवीच्या व्यवस्थेत ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत, राहुल शिधये व त्यांच्या सहकाऱ्यांनी राबविलेल्या 'विश्राम' उपक्रमात गावातील लोकांशी गटागटाने बोलून, कार्यकर्ते हाताशी धरून, नैराश्यग्रस्तांना उपचारापर्यंत आणण्याचा खटाटोप केला गेला. अठरा महिन्यांत उपचाराला लागलेल्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. देशभराच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले होते, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्या २७ चे मोल कळते.

जालना जिल्हा १९८१ च्या महाराष्ट्रदिनी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतून काढून निर्माण झाला. आठ तालुके, दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना व पूर्णा, शहरात पोलादाचे व बियाण्यांचे कारखाने, आणि भोवती कापूस, सोयाबीन व मोसंबी यांवर, म्हणजे अंती पावसावर, जगणारी खेडी असे त्याचे स्वरूप. २०१२-१३ च्या अवर्षणात पाण्यावाचून मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षे लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे सरपणासाठी तोडणाऱ्या माणसाच्या मनाची अवस्था कोणत्याही प्रश्नावलीत पुरती मावणारी नाही. मराठवाडा व विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची गांभीर्याने दखल घेऊन राज्य शासनाने २०१५ साली १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आखला, त्यांत जालना आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारावेत, धोक्याची माणसे हेरावीत व त्यांना समुपदेशक आणि डॉक्टरांपर्यंत न्यावे, अशी त्याची रचना. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याची जिल्हावार शाखा १९९६ ची. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांनंतर जालन्यासाठी ३६५ खाटांचे मनोरुग्णालय राज्याने मंजूर केले आहे, आणि २०२४ साली शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. सबब कागदावरची चौकट उभी आहे. उरतो तो प्रश्न हा, की हेरलेल्या माणसाच्या हाती शेवटी काय पडावे.

निव्वळ गोळी हाती पडली तर तिचे काय होते, हे खेड्यात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ होते, तोंडाला कोरड पडते, डोके दुखते. गुण मात्र अजून आलेला नसतो, म्हणजे त्रास आधी आणि लाभ मागून असा हा उलटा व्यवहार असतो. त्यातच शेजारची कोणी म्हणते, या झोपेच्या गोळ्या, सवय लागेल. दीर म्हणतो, ही तर डोक्याची गोळी, लोक काय म्हणतील. आणि पट्टी निम्मी शिल्लक असतानाच फडताळाच्या मागे जाते. उलटपक्षी निव्वळ बैठक ठेवली, तर ज्याला अंथरुणातून उठवत नाही, दोन वाक्ये मनात धरवत नाहीत, त्या तीव्र आजाराच्या माणसाने चार मैलांवरच्या उपकेंद्रात येऊन दीड तास बोलावे व ऐकावे, ही अपेक्षाच अवास्तव ठरते. गोळी माणसाला बैठकीपर्यंत चालत येण्याचे बळ देते. बैठक त्याला गोळी पुरती घेण्याचे धैर्य देते. प्रॅटच्या क्षयरुग्णांनी एकमेकांच्या आधाराने नियम पाळले, आणि आजही आपल्याकडे क्षयाची दीर्घ औषधयोजना गावातल्या कोणाच्या तरी देखरेखीखाली पुरी करून घेतली जाते; नैराश्याला हाच न्याय लावण्यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

बैठक कशी चालते

घनसावंगी तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रात भरणारी अशी बैठक आपण कल्पनेने पाहू. माणसे कल्पित, पद्धत मात्र पुस्तिकेतली. आठ स्त्रिया सतरंजीवर गोल बसल्या आहेत. त्या एकाच गावच्या नाहीत, दोन-तीन शिवारांतून निवडलेल्या आहेत, आणि सासू-सून किंवा जावा-जावा एका गटात येणार नाहीत याची काळजी घेतलेली आहे. कारण येथले बोलणे येथेच राहील हा नियम पाराच्या हाकेवर राहणाऱ्या समाजात नुसता सांगून पाळला जात नाही, त्याची तजवीज निवडीतच करावी लागते. गट चालविणारी परिचारिका प्रत्येकीला आधी एकटीला भेटली आहे. तिची अडचण चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसते, म्हणजे कोणाच्या मृत्यूचा शोक, घरातला कलह, आयुष्यातील मोठे स्थित्यंतर की एकाकीपणा, हे दोघींनी मिळून ठरविले आहे.

या मंडळीतील चाळिशीची एक बाई घ्या. बाग वाळली, थोरला मुलगा वाळूजला कंपनीत गेला तो सणालाही येत नाही, आणि सामाईक विहिरीच्या पाळीवरून जावेशी वर्षभर बोलणे तुटलेले आहे. तिचे गुण १७ भरले. डॉक्टरांनी रक्त तपासून, पंडुरोग व थायरॉइड नाही याची खात्री करून, गोळी सुरू केली आणि बैठकीला पाठविले. पहिल्या दिवशी ती पदराचे टोक बोटाला गुंडाळीत नुसती बसून राहते. दुसऱ्या आठवड्यात तिला मळमळ होते आहे, गोळी सोडावीशी वाटते, परिचारिका स्वतः उत्तर न देता गटाकडे पाहते, आणि महिनाभर आधी गोळी सुरू झालेली एक मावशी सांगते, "मलाबी आठ दिस तसंच झालं बाई, भाकर खाऊन घेत जा, मंग ऱ्हातंय." हे वाक्य डॉक्टरांनी उच्चारले असते तर सल्ला ठरले असते, मावशीच्या तोंडी ते साक्ष ठरते.

चौथ्या आठवड्यात तिचे गुण ११ वर उतरलेले आहेत, आणि ती म्हणते, "झोप लागतीया आता, पण घरात कुणाशी बोलूच वाटना." वाइसमनबाईंच्या निष्कर्षाचे सार या एका वाक्यात आले : झोप गोळीने आणली, बोलणे गोळीला आणता येत नाही. आता गट त्या विहिरीच्या पाळीकडे वळतो. मन कधी जास्त खाली जाते? पाण्याच्या दिवशी. त्या दिवशी काय घडते? जाऊ मोटार आधी सुरू करते, ही काही न बोलता घरात येऊन पडते. मग काय बोलता येईल, याची तालीम होते. एक बाई जाऊ होते, दुसरी तिचीच बाजू मांडून दाखविते, कोणी सुचविते की भांडण जावेशी काढू नको, पाळीचे वार कागदावर लिहून घ्यायला सासऱ्यांना मध्ये घाल. पुढच्या आठवड्यात ती काय घडले ते सांगते, निम्मे फसले तरी सांगते, आणि तिला प्रथमच असे जाणवते की आपल्या संसारात आपल्याला हात घालता येण्यासारखी निदान एक जागा आहे. आठव्या बैठकीत निरोप, काय साधले याची उजळणी, आणि आजार उलटून येताना तो कोणत्या पावलांनी येतो, म्हणजे झोप आधी जाते की भूक, याची प्रत्येकीने करून ठेवलेली नोंद.

कर्ज हा काही रोग नव्हे, त्यावर गोळ्या व गप्पा कसल्या देता, असा आक्षेप येथे घेतला जातो आणि त्यात तथ्यही आहे. हमीभाव, विमा आणि पाणी यांची जागा कोणतीही बैठक घेऊ शकत नाही. परंतु पीकविम्याचा दावा दाखल करणे, पंचनाम्यासाठी तलाठ्याला गाठणे, बँकेत जाऊन कर्जाचे पुनर्गठन मागणे ही सर्व कामे करण्यास माणूस उभा राहावा लागतो, आणि नैराश्य नेमके ते उभे राहणेच हिरावून घेते. सान्तियागोच्या त्या स्त्रियांची गरिबी सहा महिन्यांत फिटलेली नव्हती, तरी त्यांतल्या बहुसंख्य बऱ्या झाल्या, ही गोष्ट या वादात विसरून चालणार नाही.

मर्यादा आणि पथ्ये

सर्वांना दोन्ही उपचार द्यावेत असा या विवेचनाचा अर्थ कोणी करू नये. आजार सौम्य असेल तर गोळीची सहसा गरज नसते. बैठक, नियमित दिनक्रम आणि पाठपुरावा यांनी काम भागते, आणि ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूत्रांतही अशा रुग्णांसाठी गटातील उपचाराला वरचे स्थान आहे. तीव्र आजारात आरंभापासून दोन्ही असावीत, पण जिवाला धोका असलेला, भास होणारा किंवा दारूच्या पुरता आहारी गेलेला रुग्ण आधी तज्ज्ञाकडे जावा, गटात नंतर यावा. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, बेफाम खर्चाचा, झोपेवाचून दिवस काढण्याचा झटका येऊन गेला आहे का, हे विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये. द्विध्रुवी विकारात एकटी नैराश्याची गोळी उन्माद जागा करू शकते. पंचविशीच्या आतील रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता व मरणाचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे, आणि औषधाचा साठा घरातल्या जबाबदार माणसाने आपल्या ताब्यात ठेवावा. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. तथापि त्या एकाएकी तोडल्यास भोवळ, चिडचिड, झोपमोड असे त्रास होतात, म्हणून बरे वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्या लागतात.

हे सहा ते नऊ महिने जालन्याच्या पंचांगात बसविणे ही खरी कारभाराची बाब आहे. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून पुष्कळ कुटुंबे उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात; कार्तिकात सुरू केलेली बैठक दुसऱ्या आठवड्यातच फुटते, आणि आषाढात सुरू केलेली गोळी नेमकी अर्ध्यावर, कोपीत राहताना संपते. तेव्हा बैठकांचे आठ आठवडे पेरणी उरकल्यावर सुरू करून दसऱ्यापूर्वी पुरे करावेत. निघताना निदान दोन महिन्यांची गोळी व साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखविण्यासाठी औषधाची स्पष्ट चिठ्ठी द्यावी. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक, जेथे मराठीत बोलता येते, मुकादमाच्या नव्हे तर खुद्द रुग्णाच्या फोनमध्ये नोंदवून द्यावा. पुरुषांचे गट स्वतंत्र करावेत, आणि त्यांची वेळ दिवसभराचे काम उरकल्यावरची ठेवावी, नाही तर त्या गटात एकटा चालकच बसलेला दिसेल.

मनोरुग्णालयाच्या ३६५ खाटा अत्यवस्थ रुग्णांना लागतील व त्या हव्यातच. पण नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना खाट नको असते, त्यांना महिन्याची गोळी आणि आठवड्याचा एक वार हवा असतो, आणि ही दोन्ही उपकेंद्राच्या आवाक्यातील आहेत. म्हणून जिल्ह्याच्या वार्षिक हिशेबात किती गोळ्या वाटल्या या रकान्याच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत : आठही बैठका कितीजणांनी पुऱ्या केल्या, आणि सहा महिन्यांनी त्यांचे गुण दहाच्या खाली आले का. हे दोन आकडे दर वर्षी मांडले गेले, तरच सान्तियागोच्या ७० टक्क्यांच्या शेजारी जालन्याला आपला आकडा ठेवता येईल, आणि तो कमी भरला तर गोळी उणी पडली की बैठक, हेही त्याच कागदावरून कळेल.